‘अजून तरी बरा दिसतोय’ म्हणून थांबू नका: पाळीव प्राण्यांच्या बाबतीत या चुका टाळा

कुत्र्याने उंदीर मारायच्या औषधाची वडी खाल्ली, पण दुसऱ्या दिवशी तो नेहमीसारखा जेवला, खेळला, म्हणून घरचे निर्धास्त झाले. सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. यातली बरीच औषधं रक्त गोठू न देणारी असतात. ती शरीरातल्या ‘के’ जीवनसत्त्वाचं चक्र बंद पाडतात, पण रक्त गोठवणारे घटक आधीपासून रक्तात शिल्लक असतात आणि ते संपायला दोन ते पाच दिवस जातात. तोवर बाहेरून काहीही कळत नाही. मग एकाएकी हिरड्या पांढुरक्या पडतात, खोकला सुरू होतो, श्वास जड होतो, कारण छातीत रक्त साचू लागलेलं असतं. पहिल्या दोन-तीन तासांत डॉक्टरांनी उलटी करवली असती किंवा वेळेत ‘के१’ जीवनसत्त्व सुरू केलं असतं, तर बहुतेकदा गोळ्यांवर भागलं असतं. रक्तस्राव सुरू झाल्यावर रक्त चढवायची वेळ येते.

याच उपचारात पुढे आणखी एक चूक होते. कुत्रा बरा दिसतो म्हणून गोळ्या आठवड्याभरात बंद केल्या जातात. उंदराचं औषध यकृतात काही आठवडे टिकून राहतं, त्यामुळे ‘के१’च्या गोळ्या साधारण तीन ते चार आठवडे चालतात. शेवटच्या गोळीनंतर ४८ तासांनी रक्त गोठण्याची चाचणी करायची. ती ठीक आली तरच उपचार संपला.

आणि पाकीट फेकू नका. उंदरांची सगळी औषधं एका जातीची नसतात. झिंक फॉस्फाइड असेल तर पोटातल्या आम्लाशी संयोग होऊन विषारी वायू तयार होतो. अशा प्राण्याला ‘विष पातळ होईल’ म्हणून जेवण किंवा दूध दिलं, तर आम्ल वाढतं आणि वायूही वाढतो. वाटेत त्याने गाडीत उलटी केली तर तो वायू माणसांनाही बाधतो, म्हणून काचा पूर्ण उघड्या ठेवा. कोणता उपचार करायचा हे त्या पाकिटावरच्या घटकाच्या नावावर ठरतं.

लक्षणं किती उशिरा येतात

कांदा-लसणाचंही असंच आहे. त्यातले गंधकयुक्त घटक तांबड्या रक्तपेशी फोडतात, पण थकवा, फिकट हिरड्या, गडद लालसर लघवी हे दिसायला बऱ्याचदा तीन ते पाच दिवस लागतात. तोवर काय खाल्लं होतं ते घरात कुणाला आठवतही नसतं. शिजवल्याने विषारीपणा जात नाही आणि वाळवलेली पूड तर जास्तच तीव्र असते. मांजरं कुत्र्यांपेक्षा नाजूक. मांजराच्या दर किलो वजनामागे सुमारे ५ ग्रॅम कांदा रक्तात बदल घडवायला पुरतो.

द्राक्षं आणि बेदाणे यांचा धोका कुत्र्याच्या आकारावरून ठरवता येत नाही. एखादा कुत्रा मूठभर खाऊन तसाच राहतो, दुसऱ्याची मूत्रपिंडं थोडक्यावर निकामी होतात. आधी उलट्या, मग एक ते तीन दिवसांत लघवी कमी होत जाणं असा क्रम असतो. म्हणून इथे ‘किती खाल्ले तर चालतात’ हा हिशेब करूच नका. खाल्ले की फोन करा.

चॉकलेटचा हिशेब मात्र करता येतो, आणि तो यायला हवा. त्यातलं थिओब्रोमिन कुत्र्याचं शरीर फार सावकाश बाहेर टाकतं. दर किलो वजनामागे २० मिलिग्रॅमला उलट्या, तहान, अस्वस्थपणा दिसतो, ४० ते ५० मिलिग्रॅमला हृदयाचे ठोके बिघडतात, ६० च्या पुढे झटके येऊ शकतात. दुधाच्या चॉकलेटमध्ये ग्रॅममागे ढोबळमानाने २ मिलिग्रॅम थिओब्रोमिन धरा, ७० टक्के कोकोच्या गडद चॉकलेटमध्ये ८ मिलिग्रॅम धरा. म्हणजे १० किलोच्या कुत्र्याने दुधाचं ५० ग्रॅम चॉकलेट खाल्लं तर १०० मिलिग्रॅम, किलोमागे १०. बहुतेकदा पोट बिघडण्यावर निभावतं. तेवढंच गडद चॉकलेट म्हणजे ४०० मिलिग्रॅम, किलोमागे ४०. हा थेट दवाखान्याचा मामला आहे. लक्षणं यायला सहा ते बारा तास लागू शकतात, त्यामुळे रात्री खाल्लेल्याचा त्रास पहाटे सुरू होतो.

साखरेऐवजी वापरलं जाणारं झायलिटॉल हा या यादीतला एकटाच घाईचा शत्रू. कुत्र्यात ते इन्सुलिन एकदम वाढवतं, रक्तातली साखर कोसळते. कधी अर्ध्या तासात तो लडखडू लागतो, कधी बारा तासांनी. किलोमागे ०.१ ग्रॅम एवढ्यावर हे होऊ शकतं, म्हणजे पाच किलोच्या कुत्र्याला बिनसाखरेच्या च्युइंगमच्या एक-दोन गोळ्याही पुरतात. वेष्टनावर ते ‘बर्च शुगर’ किंवा ‘ई९६७’ अशा नावानेही लिहिलेलं असतं. शेंगदाण्याचं लोणी, टूथपेस्ट, तोंडात विरघळणाऱ्या गोळ्या यांची वेष्टनं नक्की वाचा.

मांजर असेल त्या घरात लिलीची फुलं आणूच नयेत. पान चघळणं तर सोडाच, अंगावर पडलेले परागकण चाटून काढले किंवा फुलदाणीतलं पाणी प्यायलं तरी मूत्रपिंडं निकामी होतात. पहिल्या १८ तासांत सलाईन सुरू झालं तर वाचण्याची शक्यता चांगली असते. नंतर ती झपाट्याने घटते. (पीस लिली ही वेगळी वनस्पती. तिने तोंडाची आग होते, लाळ गळते, पण मूत्रपिंडाला धोका नसतो. डॉक्टरांना दाखवायला फुलाचा फोटो काढून ठेवा.)

घरच्या घरी उलटी करवणं

मीठ पाजणं, घशात बोटं घालणं, मोहरीचं पाणी पाजणं, हे सगळं बंद. मिठाने उलटी होईलच असं नाही. झाली नाही तर रक्तातलं सोडियम वाढून मेंदूला सूज येते आणि मूळ विषापेक्षा मीठच जिवावर उठतं. मांजराला घरी उलटी करवण्याची सुरक्षित पद्धतच नाही. कुत्र्याला कधी कधी डॉक्टर फोनवरून विशिष्ट द्रावण मोजून द्यायला सांगतात. ते त्यांच्या सांगण्यावरून, तेवढ्याच मापाने आणि एकदाच.

रॉकेल, पेट्रोल, फिनेल, आम्ल, बटण-सेल यांपैकी काही पोटात गेलं असेल तर उलटी अजिबात नको. जे घसा भाजत खाली गेलं ते भाजतच वर येतं, आणि तेलकट द्रव फुप्फुसात गेला तर न्यूमोनिया होतो. गुंगीत असलेल्या, झटके येणाऱ्या किंवा चपट्या नाकाच्या कुत्र्यालाही हाच नियम.

आपल्या डब्यातली गोळी

मांजराला ताप वाटला म्हणून पॅरासिटामॉलचा तुकडा देणं म्हणजे विष देणं. ते निकामी करून बाहेर टाकणारी यकृतातली यंत्रणा मांजरात जवळजवळ नसतेच. किलोमागे १० मिलिग्रॅमलाही काही मांजरांना बाधा होते. चार किलोच्या मांजराला ५०० ची गोळी म्हणजे किलोमागे १२५ झाली. काही तासांत हिरड्या चॉकलेटी-निळसर होतात, चेहरा आणि पंजे सुजतात. यावर उतारा आहे, पण तो लवकर द्यावा लागतो. कुत्र्याला दिलेल्या आयबुप्रोफेनने जठरात व्रण पडतात आणि मूत्रपिंडं बिघडतात.

याच जातीची दुसरी चूक म्हणजे कुत्र्याचं पिसवांचं औषध मांजराच्या मानेवर घालणं. ‘थोडंच घातलं’ हा बचाव इथे चालत नाही, कारण त्यात परमेथ्रिन हे कीटकनाशक असेल तर मांजराचं सगळं अंग थरथरू लागतं, झटके येतात. चुकून घातलं गेलं आणि मांजर अजून शांत असेल, तर कोमट पाण्यात भांडी घासायचा सौम्य द्रव घालून ती जागा धुवा, कोरडं करा, उबेत ठेवा आणि निघा. थरथर सुरू झाली असेल तर धुण्यात वेळ घालवू नका. घरात दोन्ही प्राणी असतील तर कुत्र्याला असं औषध लावल्यावर दोन-तीन दिवस मांजराला त्याच्या अंगाला अंग लावून झोपू देऊ नका.

बोका वारंवार कुंथतोय

यावर थोडं थांबू, कारण इथे घरचे अगदी मनापासून काळजी घेत असताना चुकतात. बोका सारखा मातीच्या ट्रेमध्ये जातो, बसतो, कुंथतो, ओरडतो, मागचा भाग चाटतो. घरच्यांना वाटतं बद्धकोष्ठ झालंय. मग तेल, दूध, रेचक सुरू होतं. प्रत्यक्षात लघवीची नळी बारीक खड्यांनी किंवा चिकट बोळ्याने बंद झालेली असते. नर मांजराची नळी टोकाशी फार अरुंद असते, म्हणून हे बोक्यांतच जास्त. लघवी तुंबली की रक्तात पोटॅशियम वाढत जातं आणि हृदय बंद पडतं. पूर्ण अडथळा असेल तर २४ ते ४८ तासांत सगळं संपू शकतं.

ओळखायचं कसं? ट्रेमधली माती बघा. एरवी लघवीचे दिवसाला दोन-तीन ओले गोळे मिळतात. ते मिळाले नाहीत, किंवा फक्त थेंब-थेंब डाग दिसले, की रात्र असली तरी निघायचं. पोट दाबून लघवी काढायचा प्रयत्न करू नका, ताणलेलं मूत्राशय फुटू शकतं. पाणी जबरदस्तीने पाजूनही काही होत नाही. बाहेर पडायला वाटच नसते.

मांजराने दोन दिवस काहीच खाल्लं नाही तर तेही ‘रुसलंय’ म्हणून सोडू नका. विशेषतः लठ्ठ मांजरात उपाशीपणी अंगातली चरबी यकृतात साठते आणि यकृत बिघडतं. सशाच्या बाबतीत तर बारा तासही खूप झाले. खाणं आणि लेंड्या थांबल्या म्हणजे आतडं थांबलंय.

उष्माघातात ओला टॉवेल

बंद गाडीतलं तापमान दहा मिनिटांत बाहेरच्यापेक्षा सुमारे १० अंशांनी आणि अर्ध्या तासात १९ अंशांनी वाढतं. काच दोन बोटं खाली ठेवल्याने फारसा फरक पडत नाही. कुत्रा मुख्यतः धापा टाकून थंड होतो, त्यामुळे दमट हवेत त्याचा हा एकमेव मोठा उपायही तोकडा पडतो.

तो कोसळला तर आधी थंड करा, मग न्या. सावलीत घ्या, अंगावर गार पाणी ओतत राहा, पंखा लावा. अंगावर ओला टॉवेल पांघरून ठेवू नका. टॉवेल काही मिनिटांत तापतो आणि उष्णता आतच कोंडतो. तोंडात पाणी ओतू नका, शुद्धीवर असेल तर समोर ठेवा. कुत्र्याचं नेहमीचं तापमान ३८.३ ते ३९.२ अंश सेल्सिअस असतं. गुदद्वारातलं तापमान ३९.५ वर आलं की पाणी थांबवा, नाहीतर ते गरजेपेक्षा खाली घसरतं. उठून उभा राहिला तरी दवाखान्यात न्याच. रक्त गोठण्यातला बिघाड आणि मूत्रपिंडांवरचा परिणाम पुढच्या एक ते तीन दिवसांत वर येतो.

ओढू नका, जाळू नका

मांजराच्या तोंडातून किंवा गुदद्वारातून दोरा लोंबत असेल तर तो ओढण्याचा मोह आवरा. दोऱ्याचं एक टोक जिभेखाली किंवा जठरात अडकलेलं असतं आणि आतडं त्यावर, नेफ्यातली नाडी ओढल्यावर कापडाच्या पडतात तशा, चुण्या होऊन गोळा झालेलं असतं. ओढलं की दोरा आतडं कापतो. सुई-दोरा, लोकर, रिबन वापरून झालं की झाकणाच्या डब्यात ठेवा.

गोचिडीवर तेल, स्पिरिट लावणं किंवा तिला काडीने चटका देणं चुकीचं, कारण डिवचलेली गोचीड आपल्या पोटातलं आणखी जखमेत सोडू शकते. बारीक टोकाच्या चिमट्याने तिला कातडीच्या अगदी लगत धरा, पोटाला नाही, आणि सरळ, सावकाश ओढा. नखांमध्ये चिरडू नका, स्पिरिटच्या बाटलीत टाका. मग जागा आणि हात साबणाने धुवा. पुढच्या दोन-तीन आठवड्यांत ताप, सुस्ती किंवा फिक्या हिरड्या दिसल्या तर गोचीड काढल्याची तारीख डॉक्टरांना सांगा.

पक्षी पाळलेल्या घरात नॉनस्टिक तवा रिकामा तापत ठेवणं ही एकच चूक पिंजरा रिकामा करायला पुरते. फार तापलेल्या थरातून निघणारा वायू पक्ष्याला काही मिनिटांत मारतो. पिंजरा स्वयंपाकघरापासून दूर ठेवा.

फोन करण्याआधी हातात काय हवं

प्राण्याचं ताजं वजन, खाल्लेल्या वस्तूचं नाव आणि त्यातल्या घटकाचं प्रमाण, खाल्ल्याची वेळ. किती खाल्लं हे नक्की नसेल तर पाकिटात उरलेलं वजा करून जे येतं तेवढं सगळं खाल्लं असं धरा. दोन कुत्रे असतील तर प्रत्येकाने सगळंच खाल्लं असं धरूनच दोघांची चौकशी करा. हिरडी बोटाने दाबून सोडा. दोन सेकंदांच्या आत ती पुन्हा गुलाबी व्हायला हवी. झोपेत असेल तर १५ सेकंदांतले श्वास मोजून चारने गुणा, सतत ३० च्या वर असतील तर सांगा. झटका येत असेल तर जीभ धरायला तोंडात हात घालू नका, भोवतीचं सामान हटवा, वेळ बघा आणि दुसऱ्या कुणालातरी व्हिडिओ काढायला सांगा. पाच मिनिटांच्या वर चालला तर एक क्षणही थांबू नका.

नेताना, दुखावलेला कुत्रा घरच्यांनाही चावू शकतो, त्यामुळे उचलण्याआधी मुसकं बांधणं योग्यच. पण उलट्या करणाऱ्या, धापा टाकणाऱ्या किंवा अर्धवट शुद्धीतल्या कुत्र्याला ते बांधू नका. तोंड बंद राहिलं तर उलटी श्वासनळीत जाते. अशा कुत्र्याला चादरीच्या झोळीत उचला आणि डोकं मोकळं ठेवा.