लांब पण लक्षात राहणारा पासवर्ड

आईचा बँकेचा पासवर्ड पडवीतल्या कॅलेंडरवर पेन्सिलीने लिहिलेला सापडला: तिचं नाव आणि जन्मसाल. असा पासवर्ड गावात कुणीही ओळखेल.

आम्ही नवा असा केला. डोळे मिटून जुन्या वर्तमानपत्राच्या चार पानांवर बोट ठेवलं, सापडतील ते शब्द घेतले. जेट्टी, चष्मा, बैल, आमसूल. इंग्रजी अक्षरांत, मध्ये डॅश देऊन लिहिले की 24 अक्षरं होतात. मग चित्र डोळ्यांपुढे आणायचं: चष्मा लावलेला बैल जेट्टीवर आमसुलं वाळत घालतोय. आईला दुसऱ्या दिवशीही न बघता आठवलं. कॅपिटल किंवा आकडा मागितला तर तोही घाला, पण जन्मसाल नको.

हेच शब्द मात्र उचलू नका, आणि ईमेल व बँकेला वेगवेगळे पासवर्ड ठेवा.