पाय दुखतोय, पण तपासणी कोणती करायची?

'फुल बॉडी' पॅकेजात रक्ताच्या डझनावारी तपासण्या होतात. पायाच्या धमन्या आणि नसा मात्र त्यात तपासल्या जात नाहीत. म्हणून लॅबवाल्याला फोन करण्याआधी चार-पाच दिवस वहीत टिपा: नेमकं कुठे दुखतं, कधी, आणि कशाने थांबतं.

वहीची वाट बघायची नाही अशा काही गोष्टी आहेत. एकच पोटरी अचानक सुजली, तर शिंप्याची टेप घ्या. गुडघ्याखाली नडगीवर उंचवटा लागतो, त्याच्या 10 सेंमी खाली दोन्ही पाय मोजा. 3 सेंमीहून जास्त फरक असेल, त्यातून नुकतंच ऑपरेशन झालेलं असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. शिरांचा कलर डॉपलर (रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) लागेल. फरक कमी असला म्हणून निश्चिंत राहू नका. मालीश तर मुळीच नको, शिरेत रक्ताची गुठळी असली तर ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते. दम लागला, लघवी अडली, बसायची जागा बधिर झाली, पाऊल उचलेना किंवा पाय एकाएकी थंड-पांढरा पडला, तर थेट इंदूरचं एम.वाय. हॉस्पिटल किंवा जवळची इमर्जन्सी गाठा.

राजवाड्याहून सराफ्याकडे जाताना दर वेळी ठरावीक अंतरावर पोटरी आवळते आणि नुसतं उभं राहिलं की काही मिनिटांत सुटते? मग धमन्यांचा संशय. एबीआय करून घ्या: घोट्याचं वरचं बीपी भागिले दंडाचं. 0.90 किंवा कमी म्हणजे रक्तपुरवठा अपुरा. जुन्या मधुमेहात धमन्या कडक होऊन आकडा फसवा, 1.40 च्याही वर येतो. तेव्हा पायाच्या अंगठ्याचं प्रेशर मोजायला सांगा.

उभं राहून भागत नाही, बसावं-वाकावंच लागतं, तर दुखणं कंबरेतलं असू शकतं. वरची धोक्याची लक्षणं, ताप किंवा पूर्वीचा कॅन्सर नसेल, तर एमआरआयची घाई नको. साधारण 6 आठवडे फिजिओथेरपी आधी. गादी सरकलेली न दुखणाऱ्या माणसांतही दिसते, आणि रिपोर्ट वाचून माणूस उगाच खाट धरतो.

दोन्ही तळवे रात्री जळतात, मुंग्या येतात: उपाशीपोटी शुगर, एचबीए1सी (साधारण तीन महिन्यांची सरासरी शुगर), बी12, टीएसएच (थायरॉइड), क्रिएटिनिन (किडनी). शुगरसाठी 8 तास पोट रिकामं हवं, पोहे-जलेबी रक्त दिल्यावर. बी12 चं रक्त इंजेक्शन घेण्याआधीच द्या, नंतरचा आकडा निरुपयोगी. वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी घेणाऱ्यांत बी12 घटतं. एनसीव्ही (नसांतून संदेश किती वेगाने जातो ती तपासणी) नॉर्मल आली तरी आजार नाही असं धरू नका. बारीक नसा त्यात पकडल्याच जात नाहीत.

कोलेस्टेरॉलची गोळी चालू असताना मांड्या दुखल्या तर सीपीके (स्नायूंना इजा झाली की रक्तात वाढणारं एन्झाइम). आदले दोन-तीन दिवस जिम बंद, नाहीतर आकडा त्यानेच चढतो. गोळी मात्र स्वतःहून सोडू नका. आणि रात्री आडवं झाल्यावर पाय हलवल्याशिवाय चैनच पडत नसेल, तर फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा.