१९३२ चा 'व्हॅम्पीर' झोप न लागता कसा बघायचा

आधीच कबूल करतो, पहिल्यांदा लावला तेव्हा विसाव्या मिनिटाला मी ढाराढूर झोपलो होतो. सव्वा तासाचासुद्धा धड नसलेला पिक्चर आणि तरी झोप, कारण जेवून आडवं होऊन लॅपटॉप पोटावर ठेवून बघत होतो आणि डोक्यात अपेक्षा होती काळ्या झग्यातल्या सुळेवाल्या काउंट ड्रॅक्युलाची. तसा काउंट ह्यात नाहीच. नंतर तीनचार वेळा बघितला, आता माझ्या आवडत्या पाचात आहे, म्हणून ज्यांना बघायचाय त्यांच्यासाठी हे लिहितोय.

पहिलं म्हणजे शोधताना गडबड होते. इंग्रजी 'vampire' च्या स्पेलिंगमधे आयच्या जागी वाय टाका आणि शेवटचा ई काढा, सोबत दिग्दर्शक ड्रायरचं नाव टाका, नाहीतर दुसरेच शंभर व्हॅम्पायर हजर होतात. प्रिंट मात्र रिस्टोअर केलेलीच घ्या. जुन्या घासलेल्या कॉप्या फिरतात त्यात सगळं नुसतं धुरकट दिसतं आणि आपल्याला वाटतं पिक्चरच असा आहे. म्हणजे पिक्चर धुरकट आहेच, पण तो मुद्दाम केलेला धुरकटपणा आहे. कॅमेरामन रुडॉल्फ माते, ह्याने लेन्सच्या पुढे थोड्या अंतरावर जाळीदार कापड धरून शूट केलंय, त्यामुळे बाहेरचे सीन सगळे पहाटेच्या धुक्यात असल्यासारखे येतात. चांगल्या प्रिंटमधे हा राखाडी रंग मऊ दिसतो, वाईट प्रिंटमधे मोतीबिंदू झाल्यासारखा.

आता बघायच्या आधी दोन गोष्टी डोक्यात ठेवा. एक, हा बोलपट आहे पण मनाने अजून मूकपटच आहे. कार्ल ड्रायर डेन्मार्कचा, ह्याच्या आधीचा त्याचा जोन ऑफ आर्कवरचा १९२८ चा पिक्चर मूकपट होता आणि हा त्याचा पहिला बोलपट. शूटिंग फ्रान्समधे कूर्तांपिएर नावाच्या गावात, सेट न लावता खऱ्या जागांवर, आवाज सगळा नंतर चढवलाय आणि वेगवेगळ्या भाषांतल्या आवृत्त्या काढायच्या होत्या म्हणून संवाद ठेवलेत अगदी मोजके. दोन, हिरो ॲलन ग्रे जो आहे तो नट नाहीच. पैसे लावणारे बॅरन निकोलस द गुन्झबर्ग, तेच ज्युलियन वेस्ट ह्या नावाने हिरो झालेत (पुढे अमेरिकेत जाऊन फॅशन मासिकांचे संपादक झाले, कुठून कुठे). त्यामुळे 'हा माणूस असा झोपेत चालल्यासारखा का वावरतोय' हा प्रश्न पडला तर सोडून द्या, स्वप्नात आपणही असेच वावरतो आणि पिक्चरला ते फिट बसतं.

कथा पकडून ठेवायचा प्रयत्न करू नका, खरंच सांगतो. मूळ प्रेरणा शेरिडन ल फॅन्यूच्या १८७२ च्या कथासंग्रहाची, पण ड्रायरने त्यातलं जेमतेम चिमूटभर घेतलंय. तुम्हाला एवढं माहीत असलं तरी पुरे: एक तरुण एका गावातल्या खानावळवजा लॉजवर उतरतो, रात्री एक म्हातारा त्याच्या खोलीत येऊन 'माझ्या मृत्यूनंतर उघडा' असं लिहिलेलं पाकीट ठेवून जातो, आणि त्या म्हाताऱ्याच्या दोन मुलींपैकी एक, लेओन, आजारी आहे. रक्तपिपासू कोण तर एक आंधळी थोराड म्हातारी, आणि गावचा डॉक्टर तिचा हस्तक. हे स्पॉयलर वगैरे नाहीत, हे माहीत नसेल तर अर्धा वेळ 'हा कोण' 'ती कोण' ह्यातच जातो.

त्याऐवजी सावल्या बघा. हीच खरी किल्ली आहे. पहिल्या अर्ध्या भागात माणसं कमी आणि सावल्या जास्त काम करतात. लाकडी पायाच्या सैनिकाची सावली एकटीच फिरून येते आणि बसलेल्या मालकाला चिकटते. एक सावली खड्डा खणतेय पण माती उलटी, म्हणजे फावड्यावर परत येतेय, हा शॉट उलटा चालवलाय. मग भिंतीवर सावल्यांचा नाच चालू, वाजंत्री जोरात, आणि म्हातारी एकदम 'गप्प!' म्हणून ओरडते आणि सगळं बंद. इथे आवाज मोठा असायला हवा, म्हणून हेडफोन लावा, अख्ख्या पिक्चरमधे हा एकच आवाज असा येतो की दचकायला होतं. झेलरचं संगीत बाकी वेळ हळूहळू मागून सरपटत राहतं.

मधे पुस्तकाची पानं पडद्यावर येतात, बरीच येतात, आणि इथेच लोक मोबाईल हातात घेतात. घेऊ नका, पॉज करून वाचा, व्हॅम्पायरचे नियम तिथेच सांगितलेत आणि पुढचं सगळं त्याच नियमांनी चालतं. सिबिल श्मित्झ, जी लेओन झालीये, तिचा अंथरुणातला एक सीन आहे, आधी रडते, मग बहिणीकडे बघता बघता ओठ हळूच मागे जातात आणि दात दिसतात. मेकअप नाही, काही नाही, फक्त चेहरा. मला पिक्चरमधली सगळ्यात भीतीदायक जागा हीच वाटते, शवपेटीवालीपेक्षा जास्त.

शवपेटीवाली कुठली तर, ॲलन बाकावर बसल्या बसल्या दोन होतो, पारदर्शक ॲलन उठून जातो आणि त्याला पेटीत स्वतःचंच प्रेत सापडतं. मग कॅमेरा पेटीच्या आत. चेहऱ्यावरच्या काचेतून स्क्रू आवळताना दिसतात, म्हातारी मेणबत्ती घेऊन डोकावते, आणि पेटी उचलल्यावर वरून झाडं, आभाळ, चर्चचा मनोरा सरकत जातो. ह्या सीनला तरी खोलीतले सगळे दिवे बंद पाहिजेत, स्क्रीनवर खिडकीचं रिफ्लेक्शन पडलं की मजा गेली.

शेवटी डॉक्टर पिठाच्या गिरणीत अडकतो आणि वरून पीठ पडत राहतं पडत राहतं. जर्मनीत सेन्सॉरने ह्या आणि म्हातारीच्या छातीत खिळा ठोकायच्या सीनला कात्री लावायला लावली होती. एकाआड एक दोन गोष्टी दाखवतात, इकडे पांढऱ्या पिठात गुदमरणारा माणूस, तिकडे पांढऱ्या धुक्यात नावेतून जाणारे ॲलन आणि लेओनची बहीण. घाई करून बंद करू नका, गिरणीची चाकं थांबेपर्यंत बसा.