किट आणून इलेक्ट्रिक गिटार घरी कशी जुळवावी

गिटारच्या किटमध्ये कापून तयार केलेली लाकडी बॉडी, फ्रेट (धातूच्या आडव्या पट्ट्या) बसवलेला नेक (दांडी), पिकअप (तारांचं कंपन टिपणारं चुंबकी कॉइल), पॉट (आवाज कमी-जास्त करायचा फिरता भाग), स्विच, खुंट्या, ब्रिज (तारा बॉडीवर टेकतात तो भाग), तारा आणि पिशवीभर स्क्रू येतात. सुतारकाम जवळजवळ झालेलंच असतं. त्यामुळे बहुतेक जण सगळा जीव रंगावर ओततात आणि बाकीचं एका संध्याकाळी उरकून टाकतात. माझं सांगणं उलट आहे. रंग साधा ठेवा, वेळ मोजमापाला आणि शेवटच्या लावणीला (तारांची उंची आणि सूर जुळवण्याला) द्या, कारण हातात चांगली लागणारी गिटार तिथेच घडते.

आपल्या सांगली-मिरजेकडे हे पटवायला फार बोलावं लागू नये. मिरजेची सतार आणि तंबोरा यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तिथल्या वाद्य बनवणाऱ्यांच्या गल्लीत जाऊन पाहा: लखलखीत पॉलिश झालेला तंबोराही जवारी (घोडीचा, म्हणजे ब्रिजचा, माथा घासून तार घुमवणं) लागेपर्यंत तयार म्हणत नाहीत. गिटारलाही तोच न्याय लावायचा.

किट निवडताना

पहिलं किट बोल्ट-ऑन नेकचंच घ्या. नेक चार स्क्रूंनी बॉडीला जोडायची ही पद्धत लिओ फेंडर यांच्या १९५० च्या सुमाराच्या गिटारींमुळे रूढ झाली. तिचा मोठा फायदा असा की काही चुकलं तर नेक काढता येतो. लेस पॉल धाटणीच्या किटमध्ये नेक बहुधा डिंकाने चिकटवावा लागतो; तिथे कोन चुकला की दुरुस्ती फार अवघड. पार्सल आलं की आधी नेक डोळ्यासमोर धरून खुंट्यांच्या बाजूने पाहा. थोडा पुढे-मागे वाकलेला असेल तर आतल्या ट्रस रॉडने (नेकमधल्या आवळता येणाऱ्या सळईने) सरळ होतो, पण पिळलेला असेल तर वेळ न घालवता परत पाठवा.

रंगाच्या आधी कोरी जुळणी

बॉडीला काहीही लावण्याआधी सगळं एकदा नुसतं बसवून पाहायचं. ही पायरी गाळू नका.

नेक खाचेत बसवा. नटपासून (खुंट्यांकडच्या टोकाची खाचांची पट्टी) १२ व्या फ्रेटपर्यंतचं अंतर मोजा आणि दुप्पट करा. ती या गिटारची स्केल, म्हणजे तारेच्या वाजणाऱ्या भागाची लांबी. फेंडर धाटणीत १२ व्या फ्रेटपर्यंत ३२४ मिमी येतं, म्हणजे स्केल ६४८ मिमी. सर्वात बारीक तारेचं सॅडल (ब्रिजवरचा, तार टेकणारा सरकता तुकडा) नटपासून साधारण तेवढ्याच अंतरावर हवं, जाड तारेचं दोन-तीन मिलिमीटर मागे. ब्रिजची भोकं आधीच पाडलेली असली तरी मोजा. नसतील तर सॅडल मागे-पुढे दोन्हीकडे सरकायला जागा राहील अशा बेताने खूण करा.

मग नटच्या दोन टोकांच्या खाचांमधून दोन शिवणाचे दोरे ताणून ब्रिजच्या टोकाच्या सॅडलवर न्या. दोन्ही दोरे नेकच्या कडांपासून सारख्या अंतरावर जायला हवेत. एका बाजूला सरकलेले दिसले तर नेकचे स्क्रू किंचित सैल करून नेक हाताने हलवा, दोरे मधोमध आले की पुन्हा आवळा. हे आत्ता केलं नाही तर पुढे वाजवताना बारीक तार कडेवरून घसरत राहील.

स्क्रू लाकडात तसेच घुसवू नका. आधी बारीक भोक पाडा आणि ड्रिल किती खोल जायचं ते बिटला टेप गुंडाळून ठरवा. स्क्रूच्या आट्यांना मेणबत्तीचं मेण चोळा. साबण नको, तो ओल धरतो. खुंट्यांचे स्क्रू सुईएवढे असतात आणि जोर केला की डोकंच तुटतं, म्हणून तिथे हातातला स्क्रू ड्रायव्हरच वापरा.

पॉलिश

जुळणी मनासारखी झाली की सगळं सोडवा. बॉडी १५०, २४०, ३२० अशा पॉलिशपेपरने लाकडाच्या रेषांच्या दिशेने घासा. ओल्या फडक्याने पुसा, वाळू द्या. उभे राहिलेले तंतू ३२० ने पुन्हा घासून काढा. घरी करायला मला लाखेचं पॉलिश सर्वात आवडतं: चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवून कापसाच्या बोळ्याने पातळ हात मारत जायचं. लाकूड झाकलं जात नाही, आणि हात बिघडला तरी वरून दुरुस्त होतो. मात्र आपल्याकडच्या जुलै-ऑगस्टमध्ये हे काम काढू नका. दमट हवेत लाख पांढरी पडते. थंडी किंवा कोरडा फेब्रुवारी-मार्च उत्तम. आणि वाळायला बॉडी उन्हात टाकायची नाही. नेकच्या खाचेत टेप लावून ठेवा, तिथे पॉलिशचा थर चढला तर नेक नीट बसणार नाही.

वायरिंग

किटमधला नकाशा समोर ठेवा. सोल्डरिंग आधी कधी केलं नसेल तर जुन्या वायरच्या तुकड्यांवर हात बसवा. नियम एकच: आधी धातू तापवा, मग सोल्डर त्यावर वितळू द्या. सांधा चमकदार आणि पसरलेला दिसला पाहिजे, गोळीसारखा वर बसलेला नाही. पॉटची पाठ उष्णता खाऊन टाकते. ती पॉलिशपेपरने खरवडा आणि तिथे ४० वॅट किंवा जास्त ताकदीचं सोल्डरिंग आयर्न वापरा. खिडकी उघडी ठेवा, धूर नाकात जाऊ देऊ नका.

तारा चढवण्याआधी मल्टिमीटरने तपासून घ्या. ब्रिज आणि जॅकची बाहेरची पट्टी यांच्यात बीप यायला हवी. ती आली नाही, तर ब्रिजखालची अर्थची वायर निसटलेली आहे आणि गिटार गुणगुणत राहील. सिंगल कॉइल (एकाच वेटोळ्याचा) पिकअप साधारण ५ ते ८ किलोओहम दाखवतो. अँपला (अ‍ॅम्प्लिफायरला) जोडून प्रत्येक पिकअपवर स्क्रू ड्रायव्हरने हलकं टिचका. टक असा आवाज आला पाहिजे. दोन पिकअप एकत्र लावल्यावर आवाज एकदम पातळ, नाकातून आल्यासारखा झाला, तर त्यातल्या एकाच्या दोन वायरी उलट जोडा.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. गिटारच्या तारा अँपच्या अर्थला जोडलेल्या असतात, म्हणजे अर्थिंग नसेल तर तारांतून शॉक बसू शकतो. जुन्या वाड्यांत तीन पिनांचं सॉकेट असतं, पण कित्येकदा मागे अर्थ वायरच नसते. पहिल्यांदा अँप लावण्याआधी वायरमनला बोलावून अर्थिंग तपासा.

लावणी

आता ०.००९ किंवा ०.०१० इंचाचा (सर्वात बारीक तारेची जाडी) तारांचा सेट चढवा, सुरात आणा आणि रात्रभर तसाच राहू द्या. दुसऱ्या दिवशी जाड तार पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर दाबा आणि मधल्या, सातव्या-आठव्या फ्रेटवर किती फट राहते ते पाहा. ०.२ ते ०.२५ मिमी हवी. मोजायला फिलर गेज लागतं. गॅरेजवाल्यांकडे असतं तेच. फट जास्त असेल तर ट्रस रॉड आवळा, कमी असेल तर सैल करा. एका वेळी पाव फेराच, मग पुन्हा सुरात आणून मोजा.

त्यानंतर तारेची उंची. १२ व्या फ्रेटवर बारीक तारेखाली १.६ आणि जाडीखाली २ मिमी ठेवून सुरुवात करा. एखादीच जागा खरखरत असेल तर तिथला पुढचा फ्रेट उंच आहे. एटीएम कार्डाची सरळ कड तीन फ्रेटवर टेकवा. डुलली तर मधला वर आलेला. फिंगरबोर्डवर टेप लावून तो फ्रेट कानशीने बेताने उतरवा आणि माथा पुन्हा गोल करा.

शेवटी सूर. सतारीचे पडदे दोऱ्याने बांधलेले असतात, सरकवता येतात. गिटारचे फ्रेट पक्के, त्यामुळे दुरुस्ती सॅडलनेच करायची. १२ व्या फ्रेटवर तारेला नुसतं बोट टेकवून निघणारा हार्मोनिक आणि तिथेच दाबून वाजवलेला सूर ट्यूनरवर ताडून पाहा. दाबलेला चढा असेल तर सॅडल मागे न्या, उतरला असेल तर नेककडे. सहाही तारा अशाच.

नटच्या खाचा खोल करायला भरवशाचा हात हवा असेल तर मिरजेच्या कारागिराकडे जायला हरकत नाही. कानस त्यांच्या बोटांत मुरलेली आहे. पण जाताच सांगा, “चाचा, हिला जवारी नको.” जवारीत तार घोडीच्या पसरट माथ्याला अलगद घासत राहते आणि तोच तंबोऱ्याचा प्राण. गिटारच्या तारेने मात्र नट आणि सॅडल एकाच धारेवर सोडले पाहिजेत, नाहीतर ती झणझणते. खाच खुंट्यांच्या बाजूला किंचित उतरती हवी.

पावसाळा लागला की लाकूड फुगतं, नेक थोडा हलतो. जूनअखेर आणि दिवाळीनंतर फिलर गेज घेऊन ती फट पुन्हा मोजा. बहुतेक वेळा ट्रस रॉडला पाव फेरा पुरतो.