सोसायटीतलं झाड छाटायचं की तोडायचं: माणूस नेमण्याआधी काय बघावं

पावसाळा तोंडावर आला की कोयता-दोर घेतलेली माणसं सोसायट्यांच्या गेटवर येतात. “फुकट छाटून देतो, लाकूड तेवढं माझं.” हा सौदा सगळ्यात महागात पडतो. ज्याची कमाई लाकडावर, तो वाळक्या, खरोखर धोक्याच्या फांद्यांना कशाला हात लावेल? मांडीएवढ्या निरोगी फांद्या खोडालगत उतरवून टेम्पो भरतो आणि वाळकं तसंच वर लटकत राहतं. मजुरी रोख ठरवा. लाकूड कोणाचं, हे वेगळं लिहून घ्या.

आधी झाड बघा. जन्मापासून कललेलं झाड बहुधा पडत नाही, कारण त्याने मुळं त्याच बेताने धरलेली असतात. यंदा नव्याने कललेलं, कलाच्या उलट बाजूची माती फुगलेली किंवा भेगाळलेली, बुंध्याशी गॅनोडर्मासारखी टणक, फळीसारखी अळंबी उगवलेली: हे मात्र तातडीचं. खोडाला लाकडी हातोडीने चहूबाजूंनी ठोकून बघा. पोकळ आवाज आला म्हणजे झाड गेलंच असं नाही. भोवतालच्या निरोगी लाकडाची जाडी खोडाच्या त्रिज्येच्या साधारण तिसऱ्या हिश्शाएवढी असेल तर पोकळ खोडही बराच भार पेलतं. आंब्याच्या बुंध्याशी भुसा पडत असेल तर खोडकिडा शोधा. त्याचा इलाज करवतीने होत नाही.

मुळांकडे तर कोणी बघतच नाही. पावसात झाड ‘अचानक’ पडलं म्हणतात, तेव्हा बुंध्यालगत ड्रेनेजचा चर कधी खणला होता ते विचारा. बुंध्याला चिकटून बसवलेले पेव्हर आणि काँक्रीट काढून निदान एक मीटर बाजूचा चौकोन मोकळा करा. छाटणीहून स्वस्त आणि अनेकदा जास्त उपयोगी काम हेच.

मग परवानगी. महाराष्ट्रातल्या शहरांत 1975 चा झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम लागू आहे. ‘झाड तोडणे’ या शब्दांत तो जाळणं, कापणं आणि कोणत्याही प्रकारे इजा करणंही धरतो, म्हणून खासगी आवारातली मोठी छाटणीसुद्धा परवानगीशिवाय करू नका. अर्ज महापालिकेच्या उद्यान विभागात, वृक्ष अधिकाऱ्याकडे. सोबत झाडाचे दोन-तीन बाजूंचे फोटो, जागेचा कच्चा नकाशा आणि सोसायटीचा ठराव द्या. पाहणी करणाऱ्याचं काम सोपं होतं. 2021 च्या सुधारणेनंतर 50 वर्षं किंवा त्याहून जुनं झाड वारसा वृक्ष ठरतं, आणि तोडलेल्या झाडाच्या बदल्यात त्याच्या वयाइतकी झाडं लावण्याची अट येते. साठ वर्षांच्या पर्जन्यवृक्षावर हरकत घेणाऱ्या सभासदांना हे गणित आधी दाखवा. शहराबाहेर 1964 चा वृक्षतोड अधिनियम आहे, गोव्यात 1984 चा वृक्ष संरक्षण कायदा. “परवानगीचं मी बघतो” म्हणणाऱ्या ठेकेदाराकडून मूळ कागद हातात आल्याशिवाय दोरही बांधू देऊ नका. जाब सोसायटीलाच विचारला जातो.

आता माणूस. आयएसए (इंटरनॅशनल सोसायटी ऑफ आर्बोरिकल्चर) या संस्थेचं प्रमाणपत्र असलेले आर्बोरिस्ट, म्हणजे झाडांची निगा राखणारे तज्ज्ञ, आपल्याकडे मोजकेच. मोठ्या किंवा वादग्रस्त झाडाचा लेखी अहवाल त्यांच्याकडून घ्यावा. रोजच्या छाटणीला चांगला ठेकेदार पुरतो. त्याला एवढंच विचारा: ही फांदी नेमकी कुठे कापणार? “शेंडा उडवून टाकतो, पाच वर्षं बघायला नको” असं उत्तर आलं तर चहा पाजून निरोप द्या. शेंडा उडवला की कापाशी झुडपासारखे फुटवे येतात. ते वरवरच जोडलेले असतात, लवकर जड होतात आणि वादळात तेच आधी मोडतात.

बरोबर उत्तर असं: फांदी खोडाला मिळते तिथे मनगटातल्या कड्यासारखा फुगवटा असतो, त्याला कॉलर म्हणतात. पहिला काप खालून, खोडापासून फूटभर पुढे, जाडीच्या तिसऱ्या हिश्शापर्यंत. दुसरा वरून, त्याच्याही दोन-तीन इंच पुढे. फांदी सुटते, पण साल खोडापर्यंत सोलत जात नाही. उरलेला खुंट तिसऱ्या कापात, कॉलरच्या जेमतेम बाहेरून. खुंट ठेवला तर तो कुजतो, कॉलरच कापली तर जखम बुजत नाही. वर डांबर किंवा ऑइल पेंट नको. झाड कुजलेला भाग आतून भिंत घालून वेगळा पाडतं, हे अमेरिकन संशोधक अ‍ॅलेक्स शायगो यांनी दाखवून दिलं. रंग कुजणं थांबवत नाही. (आंब्याच्या बागेत लावतात ती बोर्डो पेस्ट बुरशीनाशक आहे, तिची गोष्ट वेगळी.)

करारात ‘झाड छाटणे, एक नग’ असं लिहू नका. कोणत्या फांद्या ते फोटोवर खुणा करून जोडा. एका हंगामात हिरव्या पानोऱ्याचा चौथा हिस्सा ही कमाल मर्यादा. म्हाताऱ्या झाडाला त्याहूनही कमी. इमारतीकडच्याच सगळ्या फांद्या काढल्या तर भार रस्त्याकडे जातो, तेही तपासा. माणसांचा अपघात विमा, हेल्मेट, हार्नेस, वेगळा सुरक्षा दोर आणि खाली उभा राहणारा एक माणूस, हे सगळं दरात धरलेलं असावं. अनवाणी, कमरेला नुसता कोयता लावून चढणारा कितीही तरबेज असला तरी तो पडला की प्रकरण तुमच्या आवारातलं असतं. फांदी तारेजवळ असेल तर वीज कंपनीकडून लाइन बंद झाल्याची खात्री झाल्यावरच काम सुरू करा. ओल्या फांदीतूनही करंट उतरतो.

कामाच्या आदल्या दिवशी गाड्या हलवा आणि दुर्बिणीने घरटी बघा. अंडी किंवा पिल्लं दिसली तर त्या फांदीचं काम पुढे ढकला. जड फांद्या दोराने उतरवायच्या, टाकायच्या नाहीत. झाड पूर्ण काढायचं असेल तर बुंधा कोण उपटणार आणि खड्डा कोण भरणार, तेही दरात लिहून घ्या, कारण त्यावरून हमखास वाद होतो. शेवटचा तिसरा हिस्सा पैसा पालापाचोळा उचलल्यावर, आणि प्रत्येक काप खालून पाहून झाल्यावरच द्या.