विदर्भातल्या खेड्यात बदली झाली? खोलीआधी पाण्याचं बघा

दरवर्षी जून उजाडला की सातारा, सांगली, कोकणातली मंडळी ऑर्डर घेऊन आमच्या तालुक्यात उतरतात. कोणी शिक्षक, कोणी ग्रामसेवक, कोणी बँकेत. मीही तसाच आलो आणि इथलाच झालो, म्हणून फोन मला येतात. भाडं किती, ऊन किती, परत बदली कधी मिळते? उन्हाचं आल्या आल्या कळेल, बदलीचं कोणालाच कळत नाही. पाण्याचं मात्र कोणी विचारत नाही, आणि पोळ्यापर्यंत त्यांतला एखादा सलाईन लावून पडलेला असतो.

खोली शक्यतो गावातच घ्या. तालुक्याला राहून मोटरसायकलवर ये-जा करणारे आणि 'इथलं पाणीच वाईट' म्हणून वर्षभर कुरकुरणारे आपलेच लोक मला आवडत नाहीत.

आता नळाचं. इथे बऱ्याच गावांत नळ रोज येत नाहीत. दिवसाआड येतात, उन्हाळ्यात त्याहून लांबतात. टाकी भरायच्या वेळेला वीज गेली की तो दिवसही गेला. खरी गडबड होते ती नळ बंद असतानाच. पाण्याची लाइन रिकामी, आत दाब नाही, पाइप कुठेतरी नालीतून गेलेला आणि जोड गळका. नळ सुरू असताना त्या फटीतून पाणी बाहेर येतं, बंद झाला की नालीतलं आत शिरतं. टाकीत क्लोरीनची टीसीएल पावडर नीट टाकलेली असली तरी शेवटच्या घराला असं पाणी मिळू शकतं. म्हणून सुरुवातीचं पाणी सडा शिंपायला, धुण्याला वापरा. चांगला वेळ वाहू द्या, मग पिण्याचा गुंड, म्हणजे हंडा, नळाखाली लावा. घरमालक म्हणेल, "पानी तं काचावानी हाय ना जी सर!" असेल. कॉलरा, विषमज्वर आणि कावीळ काचेसारख्या पाण्यातूनही होतात.

आणि नळाला थेट टुल्लू पंप लावायचा नाही. शेजारी लावतात हे कारण मला सांगू नका. पंप लाइनमधून पाणी ओढतो, लाइनला पुरेसं मिळालं नाही की ती फटीतून नाली ओढते. तुमच्या घरात येतं आणि पुढच्या चार घरांतही जातं. जमिनीत छोटी टाकी करा, तिच्यात नळ आपोआप पडू द्या, मोटर त्या टाकीवर लावा.

ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाशी ओळख करून घ्या. त्याच्याकडे ओटीची, म्हणजे क्लोरीन तपासायच्या औषधाची, बाटली असते. पाण्यात थेंब टाकले आणि पिवळं झालं तर क्लोरीन आहे, रंग आला नाही तर नाही. शेवटच्या नळाला लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम उरायला हवा. पावडरीचं पोतं उघडं राहिलं, ओल लागली की तिचा जोर उतरतो, हेही त्याला आठवण करून द्या. क्लोरीनचा वास आला की आपली माणसं नाक मुरडतात. मला तो वास आला की बरं वाटतं.

यापुढचं नीट वाचा, कारण यात आपल्याकडच्या एका गुरुजींच्या मुलाचे दात गेले. पडले नाहीत, पण कायमचे तपकिरी पट्टे आले. गुरुजी काळजी घेणारे, हापशीचं पाणी रोज उकळून मुलाला देत. पण त्या हापशीच्या पाण्यात फ्लोराइड होतं. उकळल्याने जंतू मरतात, फ्लोराइड मरत नाही. पाणी जेवढं आटेल तेवढं त्याचं प्रमाण वाढतंच. नायट्रेटचंही तसंच. पुन्हा सांगतो, उकळणं हा जंतूंवरचा उपाय आहे, फ्लोराइडवरचा नाही. पक्के दात हिरडीच्या आत तयार होत असतात त्या वयात, म्हणजे साधारण आठ वर्षांपर्यंत, लेकराच्या पोटात काय जातं याला महत्त्व आहे. डाग एकदा पडला की ब्रश घासून जात नाही. वर्षानुवर्षं तेच पाणी प्यालं तर हाडं आणि सांधे आखडतात. फ्लोराइड लिटरमागे १ मिलिग्रॅमपर्यंत चालतं. दुसरं पाणीच नसेल तर दीडपर्यंत. यवतमाळ, चंद्रपूर, नागपूर जिल्ह्यांत ऑर्डर असेल तर गावच्या बोअरचा तपासणी अहवाल मागाच. हापशीला लाल रंग, म्हणजे 'पिऊ नका'ची खूण, दिलेला दिसला तर लोक भरतात म्हणून तुम्ही भरू नका.

अकोला, अमरावती, बुलडाण्याकडे पूर्णेच्या खोऱ्यात खारपाणपट्टा, म्हणजे जमिनीखालचं पाणीच खारं असलेला भाग, आहे. तिथे बोअरचं पाणी जिभेलाच कळतं, आणि तिथे आरओ कामाचा आहे. बाकीकडे पुण्याहून आणलेलं मशीन दाबाअभावी खुंटीवर लटकतं. गावात मिळणारे थंड पाण्याचे कॅन बेतानेच घ्या. थंड म्हणजे शुद्ध नव्हे. त्या पाण्यात क्लोरीन उरलेला नसतो, आणि कॅन आतून कोण घासतं ते तुम्हीच जाऊन बघा.

मेळघाटात जाणाऱ्यांसाठी एक गोष्ट. जुलै २०२२ मध्ये चिखलदरा तालुक्यात पाचडोंगरी आणि कोयलारीला कॉलऱ्याने माणसं दगावली. लोक उघड्या विहिरीचं पाणी पीत होते. पहिल्या पावसानंतर विहिरीचं पाणी क्लोरीनशिवाय तोंडाला लावू नका.

घरोघरी गेलात की तांब्या पुढे येतो. नको म्हटलं तर माणसं दुखावतात, आणि इथली माणसं फार लावून घेतात. चहा मागा, तो उकळलेला असतो.

ढाळ, म्हणजे जुलाब, लागले तर ओआरएस. पुडी नसेल तर लिटरभर स्वच्छ पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. घरात कोणी गरोदर असेल आणि डोळे पिवळे दिसले तर झाडपाल्यावाल्याकडे नाही, थेट दवाखान्यात जा. पाण्यातून होणारी ई प्रकारची कावीळ शेवटच्या महिन्यांत जिवावर उठते.

पाणी तपासायला भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या प्रयोगशाळा आहेत. जंतूंच्या तपासणीची बाटली त्यांच्याकडूनच निर्जंतुक केलेली आणा, भरली की बर्फात ठेवून २४ तासांच्या आत पोहोचवा. शुक्रवारी संध्याकाळी भरू नका, शनिवार-रविवार तिथे कुलूप असतं.