विंडोज टाकण्याआधी डिस्क पुसताय? या चुका टाळा

‘महत्त्वाचं सगळं डी ड्राइव्हमध्ये आहे, बिनधास्त पुसा.’ असं कुणी म्हणालं की आधी थांबायचं. बहुतेक लॅपटॉपमध्ये सी आणि डी एकाच डिस्कवर असतात. फक्त सी फॉरमॅट केला तर डी वाचतो. अख्खी डिस्क पुसली की दोन्ही जातात. बॅकअप बाहेरच्या हार्डडिस्कवर घ्या, त्यातल्या चार-दोन फाइल दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून बघा आणि मग ती हार्डडिस्क काढून ठेवा. तिला बिटलॉकर म्हणजे विंडोजचं डिस्कला लागणारं कुलूप लावलं असेल, तर त्याची ४८ अंकी रिकव्हरी की पुसल्या जाणाऱ्या डिस्कवरच राहिली नाही ना, हेही बघा. मराठी डीटीपी करणाऱ्यांनी श्रीलिपीसारखे जुने फॉन्टही सोबत घ्यावेत. नाहीतर फाइल उघडते, पण मजकुराच्या जागी भलतीच चिन्हं दिसतात.

सगळ्यात महाग पडते ती चुकीची डिस्क निवडणं. इन्स्टॉलेशनच्या स्क्रीनवर शिफ्ट आणि एफ१० दाबून उघडणाऱ्या कमांडच्या खिडकीत ‘डिस्कपार्ट’ हे विंडोजचं डिस्क हाताळायचं टूल चालवलं, की ‘लिस्ट डिस्क’मध्ये आपला पेनड्राइव्हही दिसतो. तिथे सी, डी ही अक्षरं बदललेली असू शकतात, त्यामुळे साइजवरूनच ओळखा: १ टीबीची डिस्क ९३१ जीबी दिसते, ५१२ची साधारण ४७६. ‘सिलेक्ट डिस्क’नंतर पुन्हा ‘लिस्ट डिस्क’ द्या. निवडलेल्या डिस्कच्या आधी चांदणीची खूण (*) येते. इतकं करायचं, कारण डिस्क पुसणारी ‘क्लीन’ ही कमांड ‘नक्की ना?’ असं एकदाही विचारत नाही.

‘क्लीन’ने डेटा पुसला जातो, हा आणखी एक गैरसमज. पार्टिशनची, म्हणजे डिस्कच्या सी, डी अशा भागांची, माहिती तेवढी जाते; फाइल रिकव्हरी सॉफ्टवेअरने परत मिळू शकतात. मशीन घरातच राहणार असेल तर एवढं पुरे. विकायचं असेल तर साध्या हार्डडिस्कवर ‘क्लीन ऑल’ द्या. ते डिस्कच्या प्रत्येक सेक्टरवर, म्हणजे छोट्या कप्प्यावर, शून्य लिहितं, १ टीबीला काही तास लागतात आणि तोवर स्क्रीन ढिम्म असते. अडकलं समजून मधेच बंद करू नका. पस्तीस वेळा पुसायचा सल्ला १९९६च्या काळातला, आजच्या डिस्कला एक फेरी पुरते.

एसएसडीला, म्हणजे फिरती तबकडी नसलेल्या चिपच्या डिस्कला, मात्र हा उपाय लावू नका. तिचे काही राखीव भाग अशा लिखाणाच्या हाती लागतच नाहीत, वर झीज होते ती वेगळी. बायोसमधलं (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगमधलं) किंवा कंपनीच्या टूलमधलं ‘सिक्युअर इरेज’ वापरा.

पुसून झाल्यावर ‘एमबीआर पार्टिशन टेबल’ची (पार्टिशनच्या नोंदीच्या जुन्या पद्धतीची) तक्रार आली, तर ‘क्लीन’नंतर ‘कन्व्हर्ट जीपीटी’ देऊन डिस्क नव्या पद्धतीवर आणा. डिस्क यादीतच नसेल तर ती मेली असं लगेच ठरवू नका. अकराव्या पिढीपासूनच्या अनेक इंटेल लॅपटॉपमध्ये व्हीएमडी हे इंटेलचं डिस्क सांभाळणारं तंत्र चालू असतं आणि सेटअपला त्याचा ड्रायव्हर हाताने द्यावा लागतो. तो आधीच उतरवून, अनझिप करून पेनड्राइव्हवर ठेवा. डिस्क पुसल्यावर डाउनलोड करायला दुसरं मशीन शोधावं लागेल.